कुलूपच नसलेलं घर

नोटीस दाराच्या मधोमध डकवली होती. खळ अजून ओली होती.

मुकुंदरावांनी कागदाला हात लावला नाही. आधी चारी कोपरे पाहिले, मग खालची सही. कोर्टात बेलीफ म्हणून एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारांवर असेच कागद डकवले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सवय सुटली नव्हती.

“कोन हाय गं?” आतून कमलबाईच्या म्हाताऱ्या सासूचा आवाज आला.

“मीच हाय आत्ती, पडून ऱ्हावा,” कमलबाई म्हणाली. शाळेत पोरांचा भात रांधून ती तीनला घरी आली आणि दारावर कागद बघून तशीच दोन गल्ल्या ओलांडून मुकुंदरावांकडे पळाली होती. “बघा बेलीफसाहेब. आत जितं माणूस बोलायलंय, आन ह्यानं दारावर चिकटवून पळ काढला. कामून?”

“आत माणूस आहे हे कागदावर यायला नको म्हणून.”

नोटीस कानडीत होती. मुकुंदरावांनी ती मराठीत वाचली. हे घर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला राहण्यासाठी दिलं होतं. आठ जानेवारी, बावीस जानेवारी आणि पाच फेब्रुवारी या तीन अचानक तपासण्यांत ते कुलूपबंद आढळलं. कुटुंब राहत नसल्यानं वाटप रद्द. हरकत असल्यास उद्या अकराला पालिकेत मांडावी, नाहीतर दुपारी ताबा घेतला जाईल.

“कुलूपबंद?” कमलबाईचा आवाज चढला. “माझ्या घरात कुलूपच न्हाई. म्हातारी दोन वर्सं अंथरुनात. मी दार नुसतं लोटून जाते, शेजारची अंजू मधीमधी डोकावती. आत माणूस ठिवून कोन कुलूप लावतंय?”

“घरात कुलूप नाही? नक्की?”

“डबे हुडका. सापडलं तर घर तुमचं.”

त्या ओळीतल्या सातही घरांवर तोच कागद होता. समोरच्या ओळीत एकावरही नव्हता. मुकुंदराव मागच्या बाजूला जाऊन आले. सात घरांच्या पाठीमागून उदगीरकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याची खडी पडली होती.

तेवढ्यात गुंडेराव जीपमधून उतरला. वसाहतीतली सगळी माणसं त्याला अण्णा म्हणत. चौकात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. कडी-कोयंड्यापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं मिळायचं. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाची पेन्शन थांबली की अण्णा.

“मुकुंदराव, तुमी कशाला तरास घ्यायलाव? मी साहेबाला बोललोय,” तो म्हणाला. “कमलबाई, भांडून काय मिळनार न्हाई. पुढच्या योजनेत तुझा पयला नंबर लावतो. संमतीवर अंगठा दे, झालं.”

“मला सही येते, अण्णा.”

“मग सही दे.”

“आधी फाइल बघू,” मुकुंदराव म्हणाले. “घर काढून घ्यायच्या आधी कागद बघायचा तिचा हक्क आहे.”

पालिकेत तपासनीस वीरभद्रप्पानं फाइल टेबलावर आपटली. मुकुंदरावांनी चष्मा पुसला.

“तिन्ही वेळा तुम्हीच गेलात?”

“हो.”

“दार वाजवलंत?”

“कुलूप दिसायलंय. कुलपाला वाजवू?”

“शेजारी विचारलंत?”

“शेजारी पण कुलूप. सातही घरं बंद. फोटो हायत, बघा की.”

फोटो होते. प्रत्येक घराचे तीन, खाली तारखा टाइप केलेल्या. कमलबाईच्या दाराला एक पितळी, कोरं कुलूप लटकत होतं. ती फोटोकडे बघतच राहिली. मुकुंदरावांनी बाकीची दारंही पाहिली. कुलपं सगळी कोरी, एकाच छापाची.

कडेच्या घराच्या तिरप्या फोटोत पूर्ण गल्ली आणि कोपऱ्यात चहाच्या हॉटेलचा काही भाग आला होता. फळ्या लावलेल्या. हे हॉटेल मालकाच्या पोराच्या लग्नादिवशीही उघडं होतं. गल्लीत माणूस नव्हतं. समोरच्या ओळीची दारंही बंद होती.

मग त्यांनी कमलबाईचे तिन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले. दारापुढच्या दोरीवर एक पांघरूण वाळत होतं. पाणी निथळून खाली मातीत ओल उतरली होती. तिन्ही फोटोंत त्या ओलीचा आकार तोच होता, कडेच्या फाट्यासकट.

त्यांनी पुढची पानं उलटली. फाइलच्या तळाशी याच सात घरांसाठी आलेले सात नवे अर्ज होते. त्यांवरचा आवक शिक्का होता दोन जानेवारीचा. मुकुंदरावांनी नावं आणि तारीख वहीत उतरवून घेतली.

परत आल्यावर ते म्हातारीच्या अंथरुणाशी बसले.

“आजी, घराबाहेर कधी जाता का?”

म्हातारीनं डोळे बारीक केले. “तुमी न्यायलाव का शेताला? पुन्यांदा?”

“शेताला?”

“अंबील काय झाली होती रे बाबा! आन सगळ्या भाज्यांची भज्जी. ह्या कमळीला तशी जमत न्हाई.”

“घ्या, हिला अजून तेच आठवतंय,” कमलबाई म्हणाली. “येळ आमावश्येच्या सणाला गेलो होतो. आण्णानं आमच्या ओळीची सात घरं शेतावर बोलावली. ट्रॅक्टरात गादी टाकून म्हातारीला सुद्दा न्हेलं. दोन वर्सांत तेवढीच भायेर पडली बिचारी.”

मुकुंदरावांनी विचारलं, “निघताना दाराला काय लावलं होतं?”

कमलबाईनं झटकन वळून दाराच्या कडीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुख्याधिकारी हर्षिता मॅडमच्या खोलीत सातही घरची माणसं दाटीवाटीनं उभी होती. गुंडेराव खुर्चीत बसला होता. वीरभद्रप्पा खिडकीपाशी होता.

“थोडक्यात सांगा,” मॅडम म्हणाल्या.

“थोडक्यातच आहे,” मुकुंदराव म्हणाले. “रिकाम्या घराच्या दोरीवर ओलं पांघरूण कुणाचं?”

त्यांनी फोटो पुढं सरकवले.

“तारखा तीन, पण मातीतली ओल एकच. हे तिन्ही फोटो पाच मिनिटांत काढलेत. तुमचे तपासनीस तीनदा गेले नाहीत, एकदाच गेले. कधी, ते फोटोच सांगतात. हॉटेल बंद, समोरची घरं बंद, भर उन्हात गल्लीत माणूस नाही. आपल्या भागात गाव असं रिकामं वर्षातून एकाच दिवशी होतं. वेळ अमावस्येला. सगळं गाव शेतात असतं.”

वीरभद्रप्पा म्हणाला, “हा तुमचा अंदाज झाला.”

“तुमचा फोन काढा. फोटो कुठल्या दिवशी काढला, ते फोनच दाखवेल.”

फोन खिशातून निघेना. मॅडमनी हात पुढं केला, तेव्हा निघाला. त्यांनी पाहिलं. “एकोणीस डिसेंबर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“अमावस्या,” मुकुंदराव म्हणाले. “पण गाव रिकामं असून भागत नव्हतं. एक म्हातारी घरातून हलत नव्हती. ती आत असती तर कमलबाईचं दार उघडंच राहिलं असतं. म्हणून तिला उचलून न्यायला हवं होतं. आणि या घरांत कुलपं नव्हती, तीही पुरवायला हवी होती. कमलबाई, कुलूप कुणी दिलं?”

“आण्णानं,” कमलबाई म्हणाली. “म्हनला, गाव मोकळं हाय, चोरी व्हईल. सात कुलपं आनली दुकानातनं. सांजच्याला परत घेऊन गेला. म्हनला, विकायचा माल हाय. एका दिवसापुरतं परक्याचं कुलूप, कोन ध्यानात ठिवतंय?”

सगळ्यांनी गुंडेरावाकडे पाहिलं.

“मी उपकार केला, त्यात काय गुन्हा?” तो म्हणाला.

“नवे अर्ज दोन जानेवारीला आले,” मुकुंदराव म्हणाले. “पहिली तपासणी आठ जानेवारीची दाखवली आहे. घरं रिकामी आहेत हे सहा दिवस आधी कुणाला कळलं? पहिला अर्ज चैत्रा नावाच्या बाईचा. ही तुमची सून. तुमच्याच तीनमजली घरात राहते, आणि दाखल्यावर तिचं उत्पन्न कमलबाईपेक्षा कमी. बाकीचे सहाही तुमचे सोयरे. मागून रस्ता निघालाय, उद्या तिथं दुकानं होतील. मॅडम, या नोटिसांवर सही तुमची आहे. फोटो नीट पाहिले असते, तर त्या ओल्या पांघरुणावर तुमचीही नजर गेली असती.”

मॅडमनी तो फोटो पुन्हा उचलून जवळून पाहिला.

गुंडेराव उभा राहिला. “माझ्या शेतात मांडी घालून जेवलाव. त्या अन्नाची तरी लाज ठिवा.”

“जेवलो की,” कमलबाई पुढं आली. “म्हातारी अजून त्या अंबिलीचं नाव काढती. तिला गादीवर निजवून घास भरवत होतास गुंडेराव, आन हिकडं तिच्याच दाराचा फोटू काढायला लावलास. आमी भुकेनं आलो नव्हतो. सणाला बोलावलंस म्हून आलो होतो. लाज आमी ठिवायची?”

गुंडेराव दाराकडे वळला. दारातली माणसं बाजूला सरली नाहीत, म्हणून त्याला जाता येईना.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “या दोघांवर पोलिसांत तक्रार जाईल. नोटिसा रद्द समजा. तुम्ही सगळे घरी जा.”

“समजायचं काही नाही,” मुकुंदराव म्हणाले. “यांना घराबाहेर काढताना लेखी काढत होतात. आता सात आदेश, सात सह्या.”

“टायपिस्ट जेवायला गेलाय. उद्या या.”

“हातानं लिहा,” कमलबाई म्हणाली. “आन मराठीत वाचून दावा.”

मॅडमनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. कमलबाईनं गुंडेरावाची रिकामी खुर्ची टेबलापाशी सरकवली आणि बसली. तिला बसा असं कुणी म्हटलं नव्हतं.