पुस्तिकेत नसलेलं

ती बनवत असलेल्या दवाखान्याच्या वेबसाइटवरचा फॉर्म नेट गेलं की कोरा व्हायचा. आजारी माणसाला सांभाळत नातेवाइकांनी भरलेलं सगळं पाण्यात. वैतागून तिने सेटिंगमध्ये ‘कीप’ असा शब्द उगाच टाकून पाहिला, नेट बंद केलं, चालू केलं... आणि भरलेला मजकूर जागच्या जागी.

“हे कसं झालं?” ती पुटपुटली.

“फ्रेमवर्कमध्ये मीच घातलंय ते,” शेजारच्या टेबलावरून आवाज आला. ऑफिसात ज्याला सगळे मौनीबाबा म्हणत, तो बोलला होता.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. ऑफिसचा सांगाडा त्यानेच रचलेला.

“पण त्याच्या माहितीपुस्तिकेत तर नाही.”

“नाही. उपयोगी आहे, एवढंच.”

मग रोज अशी एखादी न लिहिलेली सोय तो दाखवायचा, ती हरखून बघायची. दुपारी तिच्या डोळ्यांवर ऊन आलं, की तो मुकाट्याने पडदा ओढायचा. तिची पाण्याची बाटली कधी रिकामी नसायची.

एके दिवशी साहेबांनी फर्मान काढलं: सांगाड्याच्या सोमवारच्या नव्या आवृत्तीतून, जे पुस्तिकेत नाही ते सगळं काढायचं.

“माझा फॉर्म मेला,” ती त्याच्यावर उखडली. “लिहून ठेवायला काय झालं होतं?”

“लिहिलं की शब्द दिल्यासारखं होतं. मागे घेता येत नाही. धीर झाला नाही.”

ती हळूच म्हणाली, “पडदा, पाणी... तेही कुठे लिहिलेलं नाही. तेही सोमवारी जाणार?”

त्याचे कान लाल झाले. तो स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसला. ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

सोमवारी तिने आल्या आल्या पुस्तिका उघडली. नवं पान होतं... ‘कीप: भरलेलं जपून ठेवतो.’ खाली नमुना, अगदी लहान मुलालाही कळेल असा.

“साहेबांशी भांडलात?”

“थोडंसं.” त्याने भरलेली बाटली टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही. “दुसरी गोष्ट पुस्तिकेत मावत नाही. तोंडीच सांगतो... मला तुम्ही फार आवडता.”

“मागे घेता येणार नाही हं.”

“म्हणूनच सांगतोय.”

तिने बाटलीवरच्या त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

“मग नव्या आवृत्तीतून ते अहो-जाहो तेवढं काढून टाक,” ती म्हणाली.