थोर संगीतकाराविषयी काही नवलाच्या गोष्टी

थोर संगीतकाराच्या घराचं आता संग्रहालय झालं होतं आणि ते दाखवायला एक गाइड होता. संगीतकार थोर खरा, पण त्याचं आयुष्य अगदीच अळणी. उठला, लिहिलं, झोपला. एकटाच जगला आणि तापाने गेला. एवढ्यावर लोक जांभया देतात. म्हणून संचालिकाबाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येक फेरीत एक तरी नवलाची गोष्ट सांगायचीच. गाइडने मग त्या मनानेच रचायला घेतल्या. त्याची निवृत्ती जवळ आली होती, बायको नुकतीच आजारातून उठली होती. वेळेवर घरी जाऊन तिच्यासमोर निवांत बसावं, याउपर त्याला जगाकडून काही नको होतं.

"संगीतकार बूट घालूनच झोपायचे," त्याने एकदा ठोकून दिलं. लोक खूश.

सकाळी बाईंनी त्याला पलंगापाशी नेलं. पांढऱ्या चादरीच्या पायथ्याशी ओला चिखल होता.

"दोरीच्या आत कोण गेलं होतं?"

"मी नाही हो, बाई. माझ्याने जिना चढवत नाही, पलंग कुठला!"

मग त्याने सांगितलं, की सूर सापडेना झाला की संगीतकार पियानोची कड चावायचा. दुसऱ्या दिवशी त्या चकचकीत लाकडावर दातांचे ठसे होते. ताजे. खाली भुसा पडलेला. गाइडने तो रुमालाने टिपला आणि कुणापाशी बोलला नाही. घाबरायलाही अंगात त्राण लागतं.

त्या दिवशी शेवटची फेरी लांबली. त्याचे पाय भरून आले होते.

"एवढ्या घरात एकटेच?" एका आजोबांनी विचारलं. "मग त्यांचं करायचं कोण?"

कोणी नाही, हे खरं उत्तर.

"एक नोकर होता," गाइडच्या तोंडून गेलं. "जन्मभर इथेच राबला. शेवटी घरचेसुद्धा त्याला ओळखेनासे झाले."

लोक हळहळले.

वरच्या रिकाम्या खोलीत कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

गाइड गणवेश न बदलताच निघाला. जमेल तितक्या भराभर चालला. स्वतःच्या दाराची बेल दाबली.

दार अर्धंच उघडलं. साखळी तशीच.

"कोण हवंय?"

"अगं, मी."

बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग छातीवरच्या बिल्ल्याकडे. तिच्या कपाळावरची आठी गेली.

"त्या संगीतकारांकडचे ना तुम्ही?" ती अदबीने म्हणाली. "लवकर जा हो. आत्ताच स्वतः येऊन गेले ते, तुम्हाला शोधत."