दाबलेलं नख

"थोरलीला बाहेरचं लागलंय. दोन दिस उपाशी ठिवली की उतरंल," मल्लम्मा चुलीपाशी नवऱ्याला हळूच म्हणाली. भिंतीआड धाकटी सून इरम्मा पीठ चाळत होती. तिनं ऐकलं, आणि मग चाळण नुसतीच हलत राहिली.

माकणीत घडलेली गोष्ट, पोरांनो. निजामाचं राज्य, सन शेहेचाळीस, भोगीची रात. थोरली लक्ष्मम्मा सहा महिन्यांची पोटुशी. घागर उचलली की धापा टाकायची. त्या घरात आधी पुरुष जेवायचे, मग सासू, उरलंसुरलं सुनांना. इरम्माच्या जिभेवर सगळं यायचं. पण लग्नाला दोनच महिने झालेल्या सुनेनं बोलायचं कुणापुढं? दात आवळून बसायची.

दिवे लागून तास झाला, तेव्हा लोहाऱ्याची बांगडीवाली बानूबाई ओट्यावर आली.

"एवढ्या रातीची?" मल्लम्मानं विचारलं.

"उद्या संक्रांत. तुमच्याच घरचे हात राहिलेत."

इरम्मानं कंदील धरला. बानूबाईनं लक्ष्मम्माचा हात घेतला, पण बांगडी चढवलीच नाही. अंगठ्याचं नख दाबून सोडलं. मधोमध खळगा, पाण्याचा थेंब ठरंल एवढा. पांढरं... लई वेळानं जरासं गुलाबी.

"रगत न्हाय हिच्यात. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणत्यात, आन् तुमी हिला उपाशी ठिवता?"

"तिला लागलंय."

"भूक लागलीय."

मल्लम्मा चपापली. "तुला कुणी सांगितलं?"

बानूबाईनं मल्लम्माचाच अंगठा धरला. दाबला. मल्लम्मानं हात हिसकून पदरात घेतला.

"आन् तुमचं, मावशी?" इरम्मानं सहज बानूबाईचं नख दाबलं.

गार. पांढरं.

सोडलं. थांबली...

पांढरंच.

बानूबाई एक शब्द न बोलता उठली. पायरी उतरली. खांद्यावर बांगड्यांच्या एवढ्या माळा... एक बांगडी वाजली नाही.

सकाळी लोहाऱ्याहून पाहुणे आले, हणमंतप्पा. बानूबाईचं नाव निघताच म्हणाले, "तिला जाऊन नऊ दिस झाले की."

मल्लम्मानं हळूहळू पदरातून हात काढला. अंगठ्याचं नख पांढरंफटक. चोळलं. पुन्हा चोळलं. सासरे धोंडप्पा नुसते बघत राहिले.

तेव्हा इरम्मा पहिल्यांदा सासऱ्यांपुढं बोलली.

"मामंजी, अक्काचं ताट आधी वाढते. बानूबाई जाताना म्हणाली, उद्या परत येते नखं बघायला. सगळ्यांची."