फोटो पुढे सरकेना

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, डिलीट केलं. परत टाइप केलं, परत डिलीट केलं. नुसती भुताची गोष्ट असती तर कधीच टाकून मोकळा झालो असतो. पण ही माझ्या मित्राच्या घरची गोष्ट आहे, आणि त्या घरातली माणसं मला येता-जाता दिसतात.

शेवटी तोच म्हणाला, "लिही. फक्त नावं नको."

म्हणून नावं नाहीत. बाकी एक शब्द पदरचा नाही.

मागच्या हिवाळ्यातली शनिवारची संध्याकाळ. जागा, मित्राच्या आईची शिवणाची खोली.

मित्राला सगळे बारक्या म्हणतात. आहे चांगला ताडमाड, पण घरात धाकटा, म्हणून बारक्याच राहिला. लांबच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. आई गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता.

"आई गेली रे. झोपेतच. काही त्रास नाही झाला तिला."

घरी पोचल्यावर बारक्या दादाच्या गळ्यात पडून रडला. "तू होतास म्हणून बरं," म्हणाला.

पण एक गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली होती. शेवटी आईनं आपली आठवण काढली का?

दादाला विचारलं. दादा म्हणाला, "झोपेत गेली म्हटलं ना. कुणाचीच नाही काढली."

वहिनीला विचारलं. तिचं नेमकं तेव्हाच दूध उतू चाललं होतं.

काही महिन्यांनी आईच्या आठवणीसाठी सगळे नातेवाईक जमायचे ठरले, रविवारी. दादा म्हणाला, "आईच्या फोटोंचा व्हिडिओ कर. त्यावर मी बोलतो." बारक्यानं मला विचारलं. मी त्याला एक साधंसं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फोटो ओळीनं लावायचे. एकेका फोटोखालचं माइकचं बटण दाबून बोलायचं. तुम्ही जेवढं बोलाल तेवढा वेळ फोटो थांबतो. बोलणं संपलं की पुढचा. काहीच बोलला नाहीत तर फोटो झर्रकन जातो.

शनिवारी दुपारी दादानं त्याच खोलीत बसून सगळ्या फोटोंवर आवाज दिला आणि खुर्च्या आणायला गेला.

संध्याकाळी बारक्या हेडफोन लावून एकटाच ऐकायला बसला.

खोली रिकामी होती. आईचं शिलाई मशीन दादानं त्याला न विचारताच देऊन टाकलं होतं. फरशीवर मशीनच्या पायांचे डाग तेवढे उरले होते.

पहिला फोटो. आई, शाळेच्या गणवेशांच्या ढिगात.

दादाचा आवाज आला, "ही आमची आई. गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या चड्ड्या हिनं शिवल्या, आणि आमच्या दोघांच्या कायम उसवलेल्या."

बारक्याला हसू आलं.

आवाज संपला.

फोटो पुढे सरकला नाही...

आई तशीच बघत राहिली.

हँग झालं असेल, म्हणून तो माउसला हात लावणार, तेवढ्यात सरकला.

दुसरा फोटो. दादा बोलून थांबला. फोटो मात्र गेलाच नाही...

बारक्यानं फोटोखालची आवाजाची पट्टी पाहिली. दादाचं बोलणं संपल्यावर रेघ सपाट हवी होती.

नव्हती.

पुढे बारीक टोकं होती. दोन, अगदी जवळजवळ. मग मोकळी जागा. परत दोन...

त्यानं आवाज पूर्ण वाढवला.

टक् टक्.



हा आवाज त्याला माहीत होता. आई शिवायला बसली की ओठांत टाचण्या धरायची. हाक मारता यायची नाही. मग हातातली कात्री मशीनच्या पत्र्यावर वाजवायची. दादाला बोलवायचं तर एकदा. बारक्याला बोलवायचं तर दोनदा. दोघंही ह्याच आवाजावर वाढले.

पण आता मशीन नव्हतं. कात्रीही मशीनबरोबर गेली होती.

त्यानं त्या फोटोवरचा दादाचा आवाज काढून टाकला. पट्टी रिकामी झाली. आता फोटो झर्रकन जायला हवा.

गेला नाही...

टक् टक्.

टक् टक्. टक् टक्.

घाईनं. पोरगं एका हाकेला आलं नाही की आई वाजवायची, तसं.

त्यानं मला फोन लावला. मी हसण्यावारी नेलं. "अरे, माइकची खरखर असेल. बंद करून चालू कर."

"खरखर मला हाक मारत नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तेवढ्यात दादा आला. दोन्ही हातांत खुर्च्या.

"झालं का रे? का अजून फोटोच बघत बसलायस?"

 बारक्यानं हेडफोनची वायर ओढून काढली.

टक् टक्.

दादाच्या हातातल्या खुर्च्या फरशीवर आदळल्या.

"हे कुणी रेकॉर्ड केलं होतं?" मग दारात आलेल्या वहिनीकडे वळला. "तू केलं होतंस?"

"मी नाही हो," वहिनी म्हणाली.

बारक्यानं विचारलं, "कधी, दादा? कधी रेकॉर्ड करणार होत्या वहिनी?"

दादाच्या तेव्हा लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो.

 लॅपटॉप वाजतच होता...

"शेवटी तिचा आवाज पार गेला होता," दादा म्हणाला. "चमच्यानं पलंगाच्या दांडीवर वाजवायची."

"म्हणजे झोपेत नाही गेली."

"नाही."

"दोनदा वाजवायची?"

दादा वाकून पडलेल्या खुर्च्या उचलायला लागला.

"दादा, मी रोज फोन करत होतो. तू म्हणायचास, झोपलीय."

"नवी नोकरी तुझी. म्हटलं, कशाला उगाच..."

"मी ह्यांना म्हटलं होतं, भाऊजींना कळवा," वहिनी हळूच म्हणाली.

"माझा नंबर तुमच्याकडेही होता, वहिनी."

ती आत निघून गेली.

दादा भिंतीला टेकला. "तिचं सगळं मी केलं रे. तोंड पुसलं, कूस बदलली, रात्रीच्या रात्री समोर बसलो. ती माझ्याकडे बघायची आणि दोनदा वाजवायची. मी म्हटलं, आई, एकदा तरी एकच वाजव. नाही वाजवलं तिनं." मग म्हणाला, "तू आला असतास तर मी तिला दिसलोही नसतो."

गाडीची किल्ली उचलली आणि बाहेर पडला.

बारक्या तिथंच बसून राहिला. रातोरात पोचला असता तो. नुसतं दारात उभं राहायचं होतं.

व्हिडिओ आपला पुढे चालूच होता. शेवटचा फोटो आला. दोघं भाऊ, लहानपणीचे, एकाच कापडाचे शर्ट घातलेले. दादाचा आवाज म्हणाला, "आणि हे आम्ही दोघं." संपला.

फोटो थांबला...

बारक्या वाट बघत होता.

टक्.

दुसरा आलाच नाही. पडदा काळा झाला.

एकच.

बाहेर फाटकाशी दादाची गाडी अजून उभीच होती, इंजिन चालू. खिडकीतून हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

बारक्यानं लॅपटॉप मिटला.

रविवारी सगळ्यांसमोर व्हिडिओ लावला. मीही होतो. एकही फोटो जास्तीचा थांबला नाही. ज्यावरचा दादाचा आवाज काढून टाकला होता, तो तर झर्रकन गेला. माणसं रडली, जेवली, गेली. नंतर मी ती फाइल पट्टी ताणून ताणून तपासली. सगळीकडे सपाट. तरी अजून हेडफोन लावून ती ऐकायचं माझं धाडस होत नाही.

शेवटच्या एका ठोक्याचं त्यानं मला मागच्या आठवड्यात सांगितलं. मी म्हटलं, "दादाला सांग की. तो वाट बघत बसलाय रे."

"ती पण बसली होती," बारक्या म्हणाला.

मग म्हणाला, "लिहायचं तर लिही. दादा असलं काही वाचत नाही. पण तोंडानं त्याला सांगू नकोस. शब्द दे."

दादा हल्ली रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसतो. मला रस्त्यावरून दिसतो.

मी शब्द दिला.