बावीस वाव पाणी

“तुम्ही चुकीच्या माणसाशी बोलताय,” मी म्हटलं.

तो ओल्या गवतात गुडघे टेकून बसला होता. हातात दात घासायचा ब्रश होता. त्या ब्रशानं थडग्याच्या शिळेवरचं शेवाळ काढता काढता तो काहीतरी पुटपुटत होता… म्हाताऱ्या नातेवाइकाला घरची खुशाली सांगावी तसा.

“हे मन्रो नाहीत?” त्यानं वर बघितलं. केसांतून पाणी गळत होतं.

“मन्रोच आहेत. पण जन्मभर चर्चची घंटा वाजवली आणि लग्न काही केलं नाही. तुम्ही यांचे वंशज निघालात तर गावात मोठी भानगड होईल.”

तो हसला. आमच्या समुद्रकाठच्या इन्व्हरस्कार गावात नोव्हेंबरात असं मोकळं हसणारं माणूस दिसत नाही. त्याचं नाव फिनले मन्रो. न्यूझीलंडमधल्या डनीडनहून आला होता. तिथे त्याच्या घरची बेकरी आहे.

“तुम्ही इथे काम करता?” त्यानं विचारलं.

“नाही, गावच्या जुन्या नोंदींच्या दप्तरखान्यात करते. इथे आईला भेटायला येते.” मी मागच्या शिळेकडे बोट दाखवलं. त्यानं ती वाचली — आईचं नाव, आणि खाली रूअरी, वय सव्वीस. फुलं ठेवताना मी आईच्या बाजूनंच ठेवते. रूअरी तिथे नाहीच. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी खेकड्यांच्या पिंजऱ्यांची होडी घेऊन गेला, आणि होडीची फळी तेवढी किनाऱ्याला लागली. तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी किनारा चालते. का चालते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कुणी विचारत नाही.

फिनलेनंही विचारलं नाही. तो उठला आणि तोच ब्रश घेऊन रूअरीच्या नावातलं शेवाळ हलकेच काढायला लागला. मी थांबवणार होते… थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो दप्तरखान्यात हजर. बरोबर कागदी पिशवीत पाव.

“इथे खायला बंदी आहे,” मी म्हटलं.

“मग लवकर शोधा, म्हणजे बाहेर जाऊन खाऊ.”

“नाव सांगा आधी.”

“अँगस स्ट्रॅखन मन्रो, आमचा पूर्वज. जन्म अठराशे सेहेचाळीस. आई ग्रिझेल. आणि बाप—” तो जरा पुढे झुकला, आवाज खाली आला, “हेक्टर स्ट्रॅखन.”

मी हसू दाबलं. बंदराच्या धक्क्यावर हेक्टर स्ट्रॅखनचा पितळी पुतळा आहे. समोर समुद्रात स्केर डू नावाचा काळा खडक आहे, त्यावरचं दीपगृह त्यानं बांधलं. शाळेतल्या मुलांना त्याची जन्मतारीख पाठ करावी लागते. त्याचा वंशज असल्याचं सांगणारी माणसं दरवर्षी उन्हाळ्यात दोन-चार तरी येतात.

“हसताय तुम्ही.”

“नाही हो.”

“हसताय. हसा. पण आमच्या बेकरीचं नाव स्ट्रॅखन आहे. पावाच्या पिशवीवर दीपगृह छापलंय. माझे बाबा पन्नास वर्षं पहाटे उठून भट्टी पेटवताना म्हणायचे, आपण दिवे लावणाऱ्यांच्या घरातले.” मग हसणं त्याच्या चेहऱ्यावरून उतरलं. “ते आता आजारी आहेत. फुप्फुसं… डॉक्टर महिना म्हणतात. मला वाटतं तेवढाही नाही. ते म्हणाले, जा, आणि कागद घेऊन ये. नाही म्हणता आलं नाही.”

मी चर्चच्या बाप्तिस्म्यांची नोंदवही काढली.

दुपारी दोनला सापडलं. ‘अँगस, अविवाहित मोलकरीण ग्रिझेल मन्रो हिचा मुलगा. साक्षीदार हेक्टर स्ट्रॅखन, अभियंता.’ सही खरी होती. धक्क्याच्या नकाशांवर ती मी शंभरदा पाहिली होती. मोलकरणीच्या पोराच्या बारशाला एवढा मोठा माणूस कशाला येईल?

फिनले उठला. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि तसाच उभा राहिला. बोटांच्या टोकांना भट्टीच्या भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या. मग एकदम भानावर येऊन, “माफ करा… तुमचे हात गार आहेत,” एवढंच म्हणाला.

“दप्तरखाना आहे. इथे सगळंच गार असतं.”

“सगळं?”

मी वही मिटली.

त्यानं त्या पानाचा फोटो वडिलांना पाठवला. उत्तर आत्याकडून आलं — बाबांनी तो मोठा छापून घेतला, पलंगासमोर भिंतीवर लावला, आणि औषधं द्यायला येणाऱ्या प्रत्येक नर्सला वाचायला लावतायत. फिनले मला मेसेज वाचून दाखवत होता आणि त्याचे डोळे भरत होते. आम्ही धक्क्यावर बसून कागदातला गरम मासा आणि बटाटे खात होतो. वारा व्हिनेगरचा वास उडवून नेत होता. पुतळ्याकडे बघून तो म्हणाला, “नाक माझ्यासारखं आहे का?”

“तुमचं बरं आहे.”

“‘तुमचं’?”

“…तुझं.”

त्यानं माशाचा कागद बाजूला ठेवला. मग त्यानं मला जवळ घेतलं. त्याच्या ओठांना मिठाची चव होती, बहुधा माझ्याही.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. सकाळी मी किनाऱ्यावर निघाले की तो वळणावर उभा असायचा, थर्मासमध्ये चहा घेऊन. बरोबर चालायचा. मी खडकांच्या फटींत बघायचे, तोही बघायचा. आपण काय शोधतोय, हे त्यानं एकदाही तोंडानं म्हटलं नाही. घरी माझे वडील त्याच्या हातचा गरम पाव खाऊन म्हणाले, “हा परत कधी जाणार आहे?” आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून ताटात बघायला लागले.

कागद तेवढ्यावर सोडले असते तर बरं झालं असतं. पण सवय वाईट. मला वाटलं, त्याला ग्रिझेलबद्दल अजून काहीतरी द्यावं, जाताना. म्हणून चर्चच्या पंचांची जुनी इतिवृत्तं उघडली. लग्नाशिवाय पोर झालं की त्या काळी बाईला पंचांसमोर उभं करून बापाचं नाव विचारत.

ग्रिझेलला तीनदा उभं केलं होतं. तिसऱ्यांदा ती बोलली. बाप इयान बेन, दगडकाम करणारा. तीन आठवड्यांनी त्यांचं लग्न व्हायचं होतं. एप्रिलमध्ये वारा फिरला होता, नावाडी खडकावर जायला नको म्हणत होते, तरी अभियंत्यानं दगडांची होडी पाठवली. पाच माणसं गेली. एकही सापडलं नाही. ‘खोटं वाटत असेल तर साहेबांना विचारा,’ ती म्हणाली. स्ट्रॅखन आत आला. त्याचं एकच वाक्य लिहिलंय — ‘बाई खरं बोलते, त्याला मीच पाठवलं.’ मुलाला आपलं नाव द्यायची त्यानं परवानगी मागितली. पंचांनी शेवटी लिहिलं, होडी देवाच्या इच्छेनं गेली.

मी ते पान पुन्हा वाचलं. पाच नावं होती. दीपगृहावरच्या पाटीवर त्यातलं एकही नाही.

संध्याकाळी मी ते फिनलेला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं.

“तुला हे शोधायला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“मग?”

“मला वाटलं… तुला आवडेल असं काहीतरी सापडेल.”

तो खिडकीशी गेला. पाठमोराच म्हणाला, “भिंतीवर लावलाय त्यांनी तो कागद, मार्सली. त्यांना दुसरं काही उरलेलं नाही. ही वही परत कपाटात ठेवली तर कुणाला कळेल?”

“कुणाला नाही.”

“मग ठेव.”

“ठेवते. पण तुला कळलंय आता.”

“तू काय करशील माझ्या जागी?”

मी गप्प बसायला हवं होतं. अजूनही वाटतं. पण मी म्हटलं, “रूअरी गेला तेव्हा सगळे म्हणाले, त्याला काही कळलं नसेल, झटकन झालं असेल. माझ्या भल्यासाठीच म्हणाले. मी त्या माणसांशी आजही नीट बोलू शकत नाही. मी खरं सांगेन, फिनले.”

सकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे संध्याकाळी, त्यानं धक्क्याच्या भिंतीवर बसून फोन लावला. मी शेजारी होते. त्यानं न अडखळता सगळं सांगितलं — ग्रिझेल, इयान, होडी. पलीकडे फक्त श्वास ऐकू येत होता, खरखरीत, लांब.

मग म्हातारा म्हणाला, “हे शोधायला गेला होतास तू?”

आणि फोन ठेवला.

नंतरचे दोन दिवस त्यांनी फोन घेतला नाही. आत्या घ्यायची, म्हणायची, झोपलेत. फिनले माझ्याबरोबर किनाऱ्यावर यायचा, पण एक पाऊल मागून. चहा आणायचा, ओतून द्यायचा, आणि माझ्याकडे बघायचा नाही. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो दप्तरखान्याच्या दारात आला. ओला, टोपी हातात. मला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

“गेले,” तो म्हणाला. “झोपेत.”

मी उठले, पण त्याच्याजवळ जायचा मला हक्क आहे की नाही ते कळेना. टेबलाच्या अलीकडेच थांबले.

“त्यांनी तो कागद काढायला लावला भिंतीवरचा,” तो सांगत होता. “त्याच संध्याकाळी. आत्या म्हणते, एक शब्द बोलले नाहीत कुणाशी. फक्त काल… काल नर्सला विचारलं, ‘तिथे पाणी किती खोल आहे?’ तिला वाटलं, भ्रम झालाय. आत्यालाही काही कळलं नाही.” त्यानं मान वर केली. “किती खोल आहे, मार्सली?”

“बावीस वाव,” मी म्हटलं. “सव्वाशे फुटांच्या वर. खडकाच्या उत्तरेला. भरतीला जरा जास्त.”

मला ते बघावं लागलं नाही. तीन वर्षं पाठ आहे.

तो खुर्चीत बसला आणि रडला. मी टेबल ओलांडून गेले. त्यानं माझ्या कोटात तोंड खुपसलं, मूठभर कापड घट्ट धरून.

“मी बोलायलाच नको होतं,” मी म्हटलं.

“फोन मी केला.”

“माझं ऐकून केलास.”

“हो.” त्यानं सोडलं नाही. “मला तुझा राग आलाय. खूप. झोपताना येतो, उठताना येतो. आणि तो राग घेऊन कुणाकडे जावं म्हटलं, तर तुझ्याशिवाय कुणी सुचत नाही. याला काय म्हणायचं?”

मला उत्तर माहीत होतं. पण त्या दिवशी, त्या खोलीत, ते तोंडून निघेना.

“तू म्हणू नकोस,” तो म्हणाला. “मी म्हणतो. माझं प्रेम आहे तुझ्यावर. वाईट वेळ आहे, पण आहे.”

“माझंही,” मी म्हटलं… इतकं हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याला एडिंबराला जाऊन विमान धरायचं होतं. आठ तासांचा रेल्वेप्रवास, एकट्यानं. मी रात्री वडिलांना म्हटलं, मी त्याला विमानतळापर्यंत सोडते, दोन दिवस लागतील.  तीन वर्षांत मी एकदाही गावाबाहेर झोपले नव्हते. एखाद्या सकाळी मी नसले, आणि नेमकं त्याच सकाळी…

वडील बूट पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, “जा तू. किनाऱ्याकडे मी बघतो.”

रूअरी गेल्यापासून ते एकदाही समुद्राच्या बाजूला फिरकलेले नाहीत.

गाडी सुटली तेव्हा उजाडत होतं. फिनले खिडकीशी बसून अंत्यविधीला काय बोलायचं ते लिहीत होता. दोन ओळी लिहायचा, खोडायचा.

“आत्या उठून जाईल,” तो म्हणाला. “मी इयान बेनचं नाव घेतलं की ती सरळ उठून जाईल. दुकानाच्या पाटीसाठी भांडेल माझ्याशी.”

“मग?”

“मग काय. घेणारच आहे.” त्यानं कागद माझ्यासमोर धरला. “बेन कसं लिहितात? एक ‘ई’ की दोन?”

“आमच्याकडे एकच,” मी म्हटलं. “पण ग्रिझेलनं स्वतः सही केली नव्हती, नुसती फुली होती. तिला विचारायची सोय नाही.”

त्यानं एकच लिहिला. मग पेन्सिल ठेवली, माझा हात उचलून आपल्या कोटाच्या खिशात घातला आणि डोळे मिटले. पाच रात्री तो धड झोपला नव्हता. पहिल्या बोगद्याआधीच त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

तिकीट तपासनीस आला. त्यानं झोपलेल्या माणसाकडे बघून आवाज खाली केला. “दोघांचं?”

मी तिकिटं पुढे केली.

“त्यांचं एकेरी आहे,” तो म्हणाला. “तुमचं परतीचं.”

“हो,” मी म्हटलं. “तोही येतोय. फेब्रुवारीत.”

हे आमचं काही ठरलं नव्हतं. खिशातल्या त्याच्या हातानं माझी बोटं दाबली, तेव्हा मला कळलं की तो जागा आहे.