बाहेरच्या खोलीतले मास्तर

बसा, पाहुणे. आधी पाणी घ्या. नाव सांगितलं न्हाई तरी चालतंय, मी आता कुणाला विचारत न्हाई. निजायची सोय माजघरात करते. सकाळी चहा अन् चुरमुऱ्यांचा सुशीला देईन. पण ती बाहेरची खोली तेवढी मागू नका. रिकामी दिसायलीय, व्हय. रिकामीच हाय. तरी देत न्हाई.

कामून, म्हणता? ऐका मग.

पूर्वी हे घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं. गावातलं जुनं देऊळ, बारव, तिथले दगडावरचे लेख बघायला लांबलांबची माणसं राजेश्वरला बसमधनं उतरून चार मैल चालत यायची. मालक गेल्यावर मी अन् माझा व्यंकटेश, दोघंच हे सगळं बघायचो. मी रांधायची, तो देऊळ दाखवायचा. पाहुणा दारात आला की मी तांब्या हातात धरून उभी राहायची, अन् गोड आवाजात विचारायची, "आडनाव काय म्हणायचं?" उत्तर पटलं की मगच तांब्या पुढं करायची. सासूनं शिकवलेली रीत. आग लागो त्या रीतीला!

अडुसष्ट सालचा मे होता. भर दुपार. व्यंकटेश कामाला बिदरला गेलेला. एक तरुण माणूस दारात आला. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, ओठ सुकलेले. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "माझं नाव ज्ञानोबा. ठाणाकुशनूरचा. आम्ही बौद्ध. आजच्या दिवस खोली मिळंल का, बाई?"

तोंडावर न्हाई म्हणायला लाज वाटली. म्हटलं, "खोली भरलीय. एक मास्तर हायत आत. ताप हाय त्यांना, निजलेत."

दार सताड उघडं होतं. रिकामी खाट त्याला दिसत होती. त्यानं खाटेकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या तांब्याकडं. "बरं. निजू द्या त्यांना," म्हणाला, अन् आला तसा उन्हात परत फिरला.

संध्याकाळी राजेश्वरच्या वाटेवर बाभळीखाली सापडला. ऊन लागून गेला होता. आमच्याच गावच्या शाळेवर रुजू व्हायला आला होता, मास्तर म्हणून. हे मला मागनं कळलं. गावानं मला एका शब्दानं बोल लावला न्हाई. उलट दोघी-तिघी घरी येऊन म्हणाल्या, "बरं केलंस, नलिनीबाई." व्यंकटेशला मी काहीच सांगितलं न्हाई.

पंधरा दिवसांनी एक इंजिनियर उतरले. पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले अन् लगेच परत आले. "अहो बाई, आत कुणीतरी निजलंय की. तापानं कण्हायलेत."

मी धावत गेले. खाट रिकामी. वाकळेवर हात ठेवला... तर ती तव्यासारखी तापलेली.

त्यानंतर जो येईल तो तेच सांगायचा. कुणी म्हणायचं मास्तर दिसतात, उशाला पुस्तकं हायत. मी सांगितला होता तसाच माणूस, पाहुणे! माझ्या तोंडानं मी तो तिथं निजवला होता. हळूहळू लोक यायचे थांबले. वर्ष तसंच गेलं.

पुढच्या मे महिन्यात व्यंकटेश देवळातनं भर उन्हात आला अन् बाहेरच्या खोलीतच कोसळला. अंग नुसतं भाजत होतं. मी त्याला हलवायला बघितलं, पण तो काही हलेना. ओला पंचा त्याच्या डोक्यावर ठेवला, रामाचं नाव घेत बसले. एकुलतं एक लेकरू माझं. दुसरं होतं काय मला?

तिसऱ्या प्रहरी त्यानं डोळे उघडले. खाटेच्या अगदी काठावर निजला होता. भिंतीकडची बाजू मोकळी...

"आई," हळूच म्हणाला, "मास्तरांनी सरकून जागा दिली मला."

मी पंचा परत ओला करून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"ते म्हणायलेत... खाट लहान हाय, दोघं मावत न्हाईत. कुणी उठावं... आईला विचार."

पाहुणे, पहिल्या वेळी ज्ञानोबा मरंल हे मला ठाऊक नव्हतं. या वेळी सगळं ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "त्यांनाच म्हणावं, उठा. आत्ताच्या आत्ता."

खाट करकरली. दार आपोआप उघडलं, उन्हाची झळ आत आली. मी लेकराच्या अंगाला हात लावला, तर अंग गार. ताप साफ उतरलेला. देवाशपथ सांगते, मला आनंद झाला.

व्यंकटेश उठून बसला. उघड्या दाराकडं बघत राहिला. "आई, एवढ्या उन्हात कामून काढलंस त्यांना?"

"अरे, तो मेलेला हाय रे!"

"व्हय. त्यांनी सांगितलं मला सगळं. मग परत एकदा कशाला मारलंस?"

अन् तो निघाला. अनवाणी, डोक्यावर तो ओला पंचा तसाच. मी पदर धरून मागं पळाले, हाका मारल्या. त्यानं वळून बघितलं न्हाई. वाटेवर शेजारी कुणी चालत असल्यासारखा बोलत बोलत गेला, अन् पुढं उन्हाच्या लाटांत दिसेनासा झाला. विहिरी उपसल्या, बिदरपर्यंत माणसं धाडली. काही उपयोग झाला न्हाई.

नऊ वर्षं झाली.

पण तो हाय. लोकांना दिसतो. मे लागला की भर दुपारी दोघंजण दारोदार जागा मागत फिरतात. राजेश्वरला गेले, औरादकडं गेले. या अंगाला एकही गाव सोडलं न्हाई त्यांनी. फक्त माझ्या दारात येत न्हाईत. मी दिवसभर दार उघडं टाकून बसते, तरी येत न्हाईत.

गेल्या साली संतपूरची बसव्वा भेटली. तिनं दोघांना ओसरीवर बसवलं होतं, भाकरी दिली होती. म्हणाली, धाकट्याच्या डोक्यावर पंचा होता अन् त्यातनं पाणी गळायलं होतं, एवढ्या उन्हात. तिनं विचारलं, हे कोण तुझे? तर म्हणाला, थोरले भाऊ.

"अन् आई कुठं असती रं तुमची?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं म्हणे. मग माझा व्यंकटेश बोलला, "आम्हाला आई न्हाई, अक्का."