अकरावा पत्ता

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सर्व्हरच्या खोलीत केबलींना चिठ्ठ्या चिकटवत होतो. "आधी खाली बस," भावोजी म्हणाले, आणि मला कळलं.

माझ्या आधी या खोलीचं काम तीच बघायची. नदीला पूर किती येईल याचं गणित इथली दहा यंत्रं मिळून करतात. यंत्रांना काकू, आत्या, मावशी, मामी ही नावं तिनंच दिलेली. "आकडे विसरतात रे, नाती नाही." कामं वाटून देणाऱ्या दहाव्या यंत्राला मात्र आम्ही 'ताई' म्हणायचो.

चार दिवसांनी धरणावरून निरोप आला. पाणी चढतंय, चार वाजेपर्यंत अंदाज हवा. खालची वस्ती हलवायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. आणि उरलेल्या नऊ यंत्रांना ताई सापडेना.

"घरचीच माणसं, पण ओळख दाखवत नाहीत," मदतीला आलेला वायरमन म्हणाला. "अगदी आमच्या चुलत्यांसारखी."

मी काकूला विचारलं, ताईचा पत्ता काय? उत्तर आलं, १२७.०.०.१. यंत्र स्वतःलाच ज्या पत्त्यानं हाक मारतं, तो हा. म्हणजे, ताई इथेच आहे, माझ्यात. आत्याचं उत्तर तेच. मावशीचंही. नावांच्या यादीत एक ओळ चुकली की असं होतं, त्यात नवल नाही. मी काकूची ओळ सुधारली, आत्याकडे वळलो. परत येऊन पाहतो तर काकूचं पुन्हा तेच... इथेच, माझ्यात.

तीन वाजले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकदा, दोनदा, पाचदा. त्या बिनखिडकीच्या खोलीत पंख्यांची घरघर हळूहळू खाली आली, कुणी कान देऊन ऐकावं तशी. ताई लावायची त्या डोकेदुखीच्या बामचा वास आला.

"साहेब... तुम्ही बाम लावलाय?"

"नाही."

वायरमन दाराशी सरकला. मी जागचा हललो नाही. "ताई," मी म्हणालो, "खाली माणसं राहतात गं. आज होऊ दे."

या वेळी नऊच्या नऊ यंत्रांनी स्वतःचा नव्हे, दुसराच एक पत्ता दिला. कामं वाटली गेली. चारला दहा मिनिटं कमी असताना अंदाज आला, आणि वस्ती हलली. पहाटे घरांत छातीभर पाणी होतं, माणूस एकही नव्हता.

नंतर मी नोंदी वाचल्या. आमचं दहावं यंत्र दिवसभर रिकामं बसलेलं होतं. कामं वाटणारा पत्ता अकरावा होता, आमच्या कुठल्याच यादीत नसलेला. वायरमननं एकेक केबल हातानं चाचपत नेली. सगळ्या केबली जिथे येऊन जोडतात, त्या पेटीच्या अकराव्या खाचेत केबल नाही. दिवा मात्र लुकलुकतोय.

पत्त्यावरून नाव विचारता येतं. तो प्रश्न मी टाईप करून ठेवला आहे. एंटर अजून दाबलेलं नाही.